समलैंगिक व्यक्ती पाळक होऊ शकते का? इंदूरच्या चर्चवरून समजून घेऊ या

इंदुरात पत्ता सांगताना दोन चर्च हमखास कामी येतात. एक व्हाइट चर्च, ज्याच्या नावाने रस्ताच ओळखला जातो, आणि दुसरे रेड चर्च. रिक्षावाल्याला एवढे सांगितले की पुरते. पांढरे चर्च इंग्रज रेसिडेन्सीच्या काळातले, अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेचे. आज ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या सीएनआयकडे आहे. लाल चर्च रोमन कॅथलिकांचे, इंदूरच्या कॅथलिक बिशपांचे मुख्य चर्च. आणि छावणीतले ख्रिश्चन कॉलेज, जिथे किशोर कुमार शिकले म्हणून सगळ्या शहराला त्याचा अभिमान आहे, ते उभे केले तिसऱ्याच लोकांनी: कॅनडातून आलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी, १८८७ मध्ये.

"चर्चने समलैंगिकांना मान्यता दिली, खरे का हो?" असे दर काही महिन्यांनी कोणीतरी विचारते. बहुधा व्हॉट्सॲपवर एखादी बातमी फिरलेली असते. विचारणारे लोकमान्यनगरातले काका असोत की ऑफिसातली मैत्रीण, मला आधी उलट विचारावे लागते, कोणत्या चर्चने? सगळ्या ख्रिस्ती लोकांच्या वतीने सही करणारे एकच कार्यालय जगात कुठेही नाही. वर सांगितलेल्या तीन परंपरांची या प्रश्नावरची उत्तरे तीन प्रकारची आहेत, आणि तिन्ही आपल्याच शहरात मुळे धरून आहेत. म्हणून हा विषय इंदुरात बसूनही नीट समजून घेता येतो.

आधी गुंता सोडवू. बातम्यांमध्ये एकत्र मिसळलेले प्रश्न खरे म्हणजे तीन आहेत. एखाद्याला स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीबद्दल ओढ वाटते, एवढ्याने तो पापी ठरतो का? चर्चने दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या नात्याला आशीर्वाद द्यावा का, त्यांचे लग्न लावावे का? आणि अशा नात्यात राहणाऱ्या व्यक्तीला पाळक, म्हणजे एका चर्चमधल्या भाविकांच्या मंडळीचा धर्मगुरू, किंवा बिशप, म्हणजे अशा अनेक मंडळ्यांवरचा प्रमुख, करावे का? पहिल्या प्रश्नावर आज पुष्कळ चर्चमध्ये बऱ्यापैकी एकमत आहे: नुसती ओढ म्हणजे पाप नव्हे, आणि अशा माणसाचा तिरस्कार करणे तर मुळीच ख्रिस्ती नव्हे. दुसऱ्या प्रश्नावर कडाक्याचे वाद आहेत. पण चर्च प्रत्यक्षात फुटली ती प्रामुख्याने तिसऱ्या प्रश्नापाशी. असे का होते, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

वचने काय सांगतात

पवित्र शास्त्रात समलिंगी संबंधांचा थेट उल्लेख फार थोड्या ठिकाणी आहे. लेवीयच्या १८व्या आणि २०व्या अध्यायांत मनाई आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात निषेध आहे. सदोम नगराची गोष्ट उत्पत्तीच्या १९व्या अध्यायात येते. चारही शुभवर्तमानांत प्रभू येशू या विषयावर थेट काही बोललेला नाही.

परंपरेच्या बाजूने बोलणारे लोक लेवीयवर सगळा भार टाकतात, असा बाहेरच्यांचा समज असतो. मग "लेवीयात मना केलेले डुकराचे मांस खाता, मग हाच नियम कशाला पाळता?" असा सवाल टाकला जातो. हा सवाल मला उथळ वाटतो, कारण त्या बाजूचा खरा आधार दुसरीकडे आहे. देवाने माणसाला नर आणि नारी असे घडवले, पुरुष आईवडिलांना सोडून पत्नीशी जडून राहील, ही उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांतली मांडणी. आणि घटस्फोटाबद्दल विचारले तेव्हा मत्तयाच्या १९व्या अध्यायात येशूने स्वतः तीच मांडणी पुढे ठेवली. विवाह म्हणजे काय याचा नमुना इथे मिळतो, आणि शास्त्रात समलिंगी संबंधांबद्दल जे काही आहे ते सगळे एकाच दिशेने जाते, असे त्यांचे म्हणणे. नेतृत्वाबद्दल ते तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय काढतात. मंडळीचा अध्यक्ष निर्दोष, संयमी आणि एका स्त्रीचा पती असावा, असे तिथे लिहिले आहे. दोन हजार वर्षे पूर्व आणि पश्चिमेकडच्या सगळ्या चर्चनी हे असेच वाचले. एवढा मोठा साक्षीदार बाजूला सारायचा तर कारणही तेवढेच मोठे हवे, ही भूमिका मला हलक्यात घेण्यासारखी वाटत नाही.

बदल मागणारे म्हणतात, पौलाच्या डोळ्यांपुढे जे जग होते त्यात मालकाने गुलामाला, वयस्काने पोराला वापरण्याची रीत होती. दोन प्रौढ माणसांनी आयुष्यभर एकमेकांशी एकनिष्ठ राहणे हा प्रश्न त्याच्यापुढे आलाच नव्हता. सदोमबद्दल ते यहेज्केलच्या १६व्या अध्यायाकडे बोट दाखवतात: तिथे त्या नगराचा दोष गर्व, अन्नाची रेलचेल आणि गरिबांना हात न देणे असा सांगितला आहे. पण त्यांचा सगळ्यांत वजनदार मुद्दा, निदान माझ्या वाचनात, पवित्र शास्त्रातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला आहे. खतना न झालेल्या परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, मंडळीत घ्यायचे की नाही, यावर पहिल्या पिढीत मोठा वाद झाला. नियमशास्त्र स्पष्ट होते. तरी कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी येशूचा शिष्य पेत्र याने पाहिले की पवित्र आत्मा या लोकांवरही उतरला आहे, आणि १५व्या अध्यायात यरुशलेमेच्या सभेने त्यांच्यावर खतन्याचे ओझे न लादण्याचा निर्णय घेतला. आज समलैंगिक ख्रिस्ती माणसांच्या प्रार्थनेत, सेवेत, निष्ठेत तोच आत्मा दिसत असेल, तर आपण कोण अडवणार? असा हा युक्तिवाद. स्त्रियांच्या दीक्षेबाबतही चर्चने जुने वाचन बदललेच की, असेही ते म्हणतात. चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केले.

यावर परंपरेचे उत्तर असे: स्त्रियांच्या बाबतीत शास्त्रातच न्याय करणारी दबोरा आहे, मंडळीची सेविका फीबी आहे, म्हणजे दोन्हीकडची साक्ष आहे. इथे तशी दुसऱ्या बाजूची साक्ष दाखवा.

आणखी एक गट आहे, ज्याचा आवाज या गदारोळात ऐकूच येत नाही. स्वतः समलैंगिक असलेले, पण परंपरेची शिकवण मान्य करून ब्रह्मचारी राहिलेले ख्रिस्ती. एक बाजू त्यांना दबलेले समजते, दुसऱ्या बाजूला ते संशयास्पद वाटतात. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ग्रँथमचे बिशप निकोलस चेंबरलेन यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितले की आपण समलैंगिक आहोत, जोडीदार आहे, आणि चर्चच्या नियमाप्रमाणे आपण संयमाने राहतो. तरी दोन्हीकडून टीका झालीच.

पदापाशीच का तुटते

एकत्र कुटुंबात दोन भावांची मते पटत नसली तरी चूल एक राहू शकते. पण कर्ता कोण, कोणाची सही चालणार, हा प्रश्न निघाला की कोणालाही तटस्थ राहता येत नाही. चर्चमध्ये बिशप हे तसे पद आहे. माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्याचे मत वेगळे असेल तर मी त्याच्यासोबत प्रार्थना करू शकते. बिशप मात्र पाळकांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना दीक्षा देतो. तो बिशप मला मान्य नसेल, तर त्याने दीक्षा दिलेला पाळक, त्या पाळकाने दिलेला प्रभुभोजनाचा संस्कार, सगळेच शंकेत येते. मग एकाच चर्चमध्ये राहून मतभेद ठेवणे जवळजवळ अशक्य होते.

त्यामुळे चर्चची सत्ता कशी वाटलेली आहे त्यावर हा वाद कुठे वाकेल आणि कुठे मोडेल हे बरेचसे ठरते. हे पाहायला आपल्या ख्रिश्चन कॉलेजच्या कॅनडापासून सुरुवात करू.

प्रेस्बिटेरियन लोकांत मुळात बिशप नसतो. मंडळीतून निवडलेले वडील आणि पाळक मिळून सभा चालवतात. कॅनडातल्या बहुतेक प्रेस्बिटेरियनांनी १९२५ मध्ये मेथडिस्ट आणि काँग्रिगेशनल लोकांबरोबर एक होऊन युनायटेड चर्च ऑफ कॅनडा स्थापली, आणि इंदूरचे मिशन तिच्याकडे गेले. याच चर्चने ऑगस्ट १९८८ मध्ये व्हिक्टोरिया शहरातल्या सर्वसाधारण सभेत ठरवले की येशूवर विश्वास ठेवणारा कोणीही, त्याची लैंगिक ओढ काहीही असो, सभासद होऊ शकतो, आणि कोणत्याही सभासदाचा पाळकीय सेवेसाठी विचार होऊ शकतो. त्या काळात एवढ्या मोठ्या चर्चने असे बोलणे ही फार धाडसाची गोष्ट होती. पुष्कळ लोक दुखावले, सोडून गेले, काही मंडळ्या बाहेर पडल्या. तरी चर्च दुभंगली नाही. यामागे तिच्या रचनेचा मोठा वाटा आहे, असे मला वाटते. तिथे स्थानिक मंडळी आपला पाळक स्वतः बोलावते. वरून कोणी लादत नाही. ज्या मंडळीला हा निर्णय पटला नाही तिने आपल्या मताचा पाळक बोलावला. मॉडरेटर हा निवडून आलेला, ठरावीक मुदतीचा प्रमुख. त्याच्या हातात बिशपसारखी सत्ता नसते. २०१२ मध्ये गॅरी पॅटरसन मॉडरेटर झाले, त्या पदावरचे पहिले उघडपणे समलैंगिक व्यक्ती, आणि आभाळ कोसळले नाही.

अँग्लिकन जगात गोष्ट वेगळी घडली. १९९८ मध्ये जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने ५२६ विरुद्ध ७० मतांनी ठराव केला की समलिंगी संबंध शास्त्राशी विसंगत आहेत. त्याच ठरावात समलैंगिक लोकांचे म्हणणे ऐकण्याचे आश्वासनही होते. मग २००३ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या लोकांनी जीन रॉबिन्सन यांना बिशप निवडले. ते आपल्या जोडीदारासोबत उघडपणे राहत होते. त्यांच्या दीक्षेच्या समारंभात त्यांनी अंगरख्याखाली बुलेटप्रूफ जाकीट घातले होते, एवढ्या धमक्या आल्या होत्या. नायजेरिया, युगांडा अशा चर्चनी अमेरिकन चर्चशी संबंध तोडले. २००८ मध्ये जेरुसलेममध्ये गॅफकॉन ही परंपरावादी अँग्लिकनांची चळवळ उभी राहिली, आणि २००९ मध्ये उत्तर अमेरिकेत वेगळे अँग्लिकन चर्च निघाले. समलैंगिक सभासद आणि पाळक तिथे आधीही होते. तडा गेला तो बिशपपदाशी. अँग्लिकनांमध्ये मानाने पहिल्या असलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपला सगळ्यांवर हुकूम चालवण्याचा अधिकार नाही, त्यामुळे तो सांधायला वरून कोणी नव्हते.

सगळ्यांत मोठी फूट अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये पडली, आणि तिथे रचनेचा हिशेब आणखी स्पष्ट दिसतो. मेथडिस्टांमध्ये पाळकाला कोणत्या गावी पाठवायचे हे बिशप ठरवतो. मंडळीला नको म्हणायला फारशी जागा नसते. शिवाय चर्चची इमारत आणि जमीन स्थानिक मंडळीच्या ताब्यात असली तरी ती संपूर्ण चर्चसाठी विश्वस्त म्हणून धरलेली असते. म्हणजे मत पटले नाही तर माणसे जाऊ शकतात, इमारत नेता येत नाही. १९७२ पासून या चर्चच्या नियमपुस्तकात समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत असल्याचे वाक्य होते, आणि १९८४ मध्ये अशा व्यक्तींना दीक्षा देण्यावर बंदी आली. २०१६ मध्ये पश्चिम अमेरिकेने तरीही कॅरन ओलिव्हेटो यांना बिशप निवडले; त्या एका स्त्रीशी विवाहबद्ध होत्या. २०१९ मध्ये सेंट लुइसला खास सभा बोलावून ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी बंदी अधिक कडक करण्यात आली, आणि सोडून जाऊ इच्छिणाऱ्या मंडळ्यांना ठरावीक रक्कम भरून इमारतीसह जाण्याची वाट २०२३ अखेरपर्यंत उघडी ठेवली गेली. गंमत अशी झाली की मत जिंकले ते परंपरावादी, आणि वाट धरली तीही त्यांनीच, कारण नियम पाळला जाणार नाही हे त्यांना दिसत होते. साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या गेल्या, म्हणजे अमेरिकेतल्या सुमारे एक चतुर्थांश. त्यांतल्या पुष्कळांनी २०२२ मध्ये निघालेल्या ग्लोबल मेथडिस्ट चर्चची वाट धरली. मागे राहिलेल्यांनी १ मे २०२४ रोजी शार्लट शहरात ६९२ विरुद्ध ५१ मतांनी दीक्षेवरची बंदी उठवली. त्याच महिन्याअखेर आयव्हरी कोस्टच्या मेथडिस्ट चर्चने संबंध सोडले.

रोमन कॅथलिकांत मतदानाचा प्रश्नच येत नाही. निर्णय रोमचा. तिथले फादर तसेही ब्रह्मचारी असतात, म्हणून "जोडीदारासह बिशप" हा पेचच उभा राहत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ समलिंगी कृतींना चुकीचे ठरवतो, आणि त्याच ठिकाणी अशा व्यक्तींशी आदराने, करुणेने वागा, अन्यायी भेदभाव करू नका, असेही सांगतो. २००५ च्या सूचनेप्रमाणे ज्यांच्यात ही ओढ खोलवर रुजलेली आहे त्यांना फादर होण्याच्या शिक्षणासाठी घेऊ नये. डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने निघालेल्या पत्रकाने अशा जोडप्यांना, लग्नविधीसारखा न दिसणारा साधा आशीर्वाद देण्याची मुभा दिली. आफ्रिकेतल्या बिशपांनी महिन्याभरात कळवले की आमच्याकडे हे होणार नाही, आणि रोमने ते चालवून घेतले. लग्नाची व्याख्या तिथेही जागची हललेली नाही. "चर्चने मान्यता दिली" ही बातमी आपल्याकडे बहुधा या पत्रकावरूनच फिरली.

मग इंदूरचे काय

कॅनडाने १९८८ मध्ये जे ठरवले ते इथल्या मंडळीला लागू झाले नाही. तोवर इथली मंडळी स्वतंत्र झाली होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय जन्मली; त्यात अँग्लिकन होते, कॅनडाच्या मिशनमधून वाढलेले युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाचे लोक होते, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट होते. एक होताना बिशपपद नसलेल्या परंपरांनी ते स्वीकारले. म्हणजे ज्या प्रेस्बिटेरियन रचनेमुळे कॅनडात हा प्रश्न वाकून गेला, ती इंदुरात आता तशी उरलेली नाही. इथे कधी हा वाद निघाला तर तो बिशपपदापाशीच येऊन थांबेल.

आजपर्यंत भारतातल्या कोणत्याही मोठ्या, जुन्या चर्चने समलिंगी विवाह लावलेला नाही. कायद्यानेही ते शक्य नाही. १८६० च्या दंडसंहितेतले कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क दिला नाही. त्या ३७७ च्या खटल्यात उत्कल ख्रिश्चन कौन्सिलसारख्या काही ख्रिस्ती संघटना कलम राहावे म्हणून उभ्या होत्या. उलट मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांनी २०१३ मध्येच सांगितले होते की कॅथलिक चर्चने समलैंगिकांना कधी गुन्हेगार मानलेले नाही. नागपुरात मुख्यालय असलेली नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया तर या विषयावर चर्चांना बोलते करण्याचे काम बरीच वर्षे करते आहे.

"हे सगळे पाश्चात्त्यांचे फॅड" असे आमच्याकडे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. शिक्षेचे कलम इंग्रजांनीच लिहिले होते, आणि समलैंगिक माणसे कॅनडाच्या जहाजातून इथे आलेली नाहीत. पण त्या बोलण्यामागची भीती मला समजते. मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मांतराविरुद्ध कायदा आहे, २०२१ मध्ये तो नव्याने कडक झाला. आधीच परके ठरवले जाणाऱ्या लहानशा समाजाला आणखी एका वादाचे धनी व्हायचे नसते. म्हणून विषय निघाला की चहाचा कप खाली ठेवून कोणीतरी बोलणे वळवते. मला याचा त्रास होतो, कारण गप्प बसणे हाही एक निर्णय असतो आणि त्याची किंमत गप्प बसणाऱ्याला द्यावी लागत नाही. गायकवृंदात गाणारा, संडे स्कूल शिकवणारा एखादा तरुण मनात काय घेऊन बसला आहे हे विचारायची सोय नसते. लग्नाचे वय झाले की त्याच्यासाठी मुली पाहणे सुरू होते, आणि मग एका मुलीचेही आयुष्य त्यात ओढले जाते. परंपरेची शिकवण बरोबर मानणाऱ्यांनीही या मुलाला काय सांगायचे आहे, ते त्याच्यासमोर बसून सांगितले पाहिजे. ब्रह्मचर्य सांगायचे तर त्या माणसाच्या म्हातारपणी त्याच्या घरी कोण जाणार, हेही मंडळीनेच ठरवायला हवे.

सीएनआयमध्ये प्रश्न वर नेण्याची वाट ठरलेली आहे. मंडळीची पास्टोरेट कमिटी ठराव करते, तो डायोसीसच्या, म्हणजे बिशपाच्या हाताखालच्या प्रदेशाच्या, कौन्सिलपुढे जातो. आपल्यासाठी ते भोपाळ डायोसीस. तिथून तो सिनडपर्यंत, म्हणजे सीएनआयच्या सर्वांत वरच्या सभेपर्यंत, जिथे बिशप, पाळक आणि साधे सभासद एकत्र बसतात आणि जिची सर्वसाधारण बैठक दर तीन वर्षांनी भरते. ठराव बदलाचाच असला पाहिजे असे नाही. आमच्या तरुणांशी या विषयावर मंडळीने कसे बोलावे, पाळकाने ऐकलेले गुपित घरच्यांना सांगावे की नाही, सुनावणी न करता कोणाला सेवेतून काढता येते का, एवढेच तीन प्रश्न लिहून पाठवले तरी ते वरपर्यंत जाऊ शकतात. त्यासाठी पास्टोरेट कमिटीत एकाने मांडावे लागते आणि दुसऱ्याने अनुमोदन द्यावे लागते.